पंखवाल्या घोड्यांची कादंबरी: सहा महिने आणि दोन वाचनांनंतर

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, ही कादंबरी मी भाचीसाठी मागवली. ती आठवीत आहे आणि चालायला लागल्यापासून तिला घोड्यांचं वेड. इंग्रजी पेपरबॅक, चारशेच्या वर पानं, ४९९ रुपये. मुखपृष्ठावर ढगांतून उतरणारी पांढरी घोडी, पिसांवर सोनेरी छपाई. पार्सल उघडल्यावर ती कितीतरी वेळ ती पिसं बोटाने चाचपत बसली होती. तिने चार दिवसांत वाचून संपवली, मागोमाग मीही वाचली. तेव्हाच अनुभव लिहिला असता तर चांगलाच लिहिला असता. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे राहायला आली आणि रोज रात्री आम्ही तीच कादंबरी पुन्हा मोठ्याने वाचायला घेतली. ती इंग्रजी वाचायची, मी अडलेलं मराठीत सांगायची. या दुसऱ्या वाचनात कादंबरी उसवत गेली.

गोष्ट थोडक्यात अशी: मिठागरांच्या गावातली सोळा वर्षांची मुलगी, पुरात वाहून आलेली पंखांची घोडी, दोघींचं मनातल्या मनात बोलणं, पुढे स्वारांची शाळा, युद्ध, दोन मुलगे, आणि शेवटच्या पानावर दुसऱ्या भागाची सोय. पुराचं पहिलं प्रकरण खरोखर सुंदर आहे. चिखलात रुतलेली घोडी, भिजून जड झालेले पंख, तिच्या नाकपुड्यांतला चिखल बोटाने काढणारी मुलगी. भाचीने ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिथे घोडी घाबरते, लाथ झाडते, तिच्या अंगावरची कातडी थरथरते. त्यानंतर चारशे पानांत ती घोडी मला पुन्हा भेटली नाही.

सातव्या की आठव्या रात्री भाचीने विचारलं, "मावशी, ही खाते काय?" आम्ही मागची पानं चाळली, मग पुढची, मग दुसऱ्या दिवशी दुपारी बसून शेवटपर्यंत शोधलं. गवताची काडी नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. तीन दिवस नि तीन रात्री सलग उडून ही घोडी समुद्र ओलांडते, उतरते, आणि पुढच्याच परिच्छेदात मुलगी तिच्यावर बसून लढाईला निघते. तोंडाला फेस नाही, अंगाला घाम नाही. कुणी खोगीर उतरवत नाही, पाठ सोलवटली का हे बघत नाही.

माझं आजोळ शहाद्याकडचं. आजोबांकडे एक कुम्मैत, म्हणजे तांबूस अंगाची नि काळ्या आयाळीची घोडी होती. शेतावरून आले की स्वतः पाणी प्यायच्या आधी ते तिचा तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, सैल करायचे, अंगणात चार फेऱ्या फिरवून तिचा श्वास खाली येऊ द्यायचे. मग पाणी, मग अंग घासून खरारा, मग भिजवलेल्या हरभऱ्यांची चंदी. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात कळ उठली तर जिवावर बेतू शकतं. घोडी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागली की रात्री सगळं घर जागं असायचं. चारशे किलोच्या जनावराशी ओळख होते ती अशी, त्याचं पोट, खूर, झोप सांभाळता सांभाळता. कादंबरीत ही सगळी जागा त्या मनातल्या बोलण्याने व्यापली आहे. घोडी पूर्ण वाक्यांत बोलते, सल्ले देते, दोन मुलग्यांपैकी कोण बरा यावरही मत देते. मग कान मागे पडले म्हणजे राग, खालचा ओठ सैल सुटला म्हणजे निवांत, हे त्या मुलीला शिकावंच लागत नाही. मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं. आजोबा सांगायचे, घोडी कळायला दोन पावसाळे लागतात. इथे एका प्रकरणात काम झालं.

पंखांचं शास्त्र मी मागत नाही. आपला माळढोक उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये फार जड मानला जातो, आणि त्याचा नर भरतो १५ किलोपर्यंत. घोडा त्याच्या पंचवीसपटीहून जास्त. तो उडणं शक्य नाही हे वाचकाला माहीत असतं आणि तरी तो विश्वास ठेवायला तयार असतो. फक्त ते वजन जाणवायला हवं. पाचव्या प्रकरणात मुलगी पंखांच्या पुढे, मानेला बिलगून बसते. एकोणिसाव्यात तिचे पाय पंखांच्या मागे आहेत. पंख खाली आला की गुडघ्याचं काय होतं, एका शब्दाने सांगितलेलं नाही. भाचीने सोफ्याच्या हातावर बसून, दोन्ही बाजूंना उशा लावून, दोन्ही बैठका करून बघितल्या. पंखांच्या पुढे बसलं तर धरायला फक्त आयाळ राहते, हे तिचं तिला कळलं.

काल्पनिक गोष्टीत एवढं बघायचं नसतं, असं मला एक-दोघांनी सांगितलं. जुन्या कथांनी मात्र बघितलं आहे. ग्रीकांचा पंखवाला घोडा पेगासस कॉरिंथच्या पायरीनी झऱ्यावर पाणी प्यायला उतरतो, तेव्हा बेलेरोफोन या वीराला सापडतो, आणि त्यालाही अथेना देवीने दिलेला सोन्याचा लगाम लागतो. पुढे हा स्वार थेट देवांच्या घरी निघतो, तेव्हा देवांचा राजा झ्यूस एक गोमाशी पाठवतो. माशी डसते, घोडा उधळतो, स्वार खाली. तहान आणि माशी, दोन्ही कुठल्याही तबेल्यातल्या. आपल्या महाभारताच्या आदिपर्वात कद्रू-विनता या बहिणींची पैज लागते ती उच्चैःश्रवा या दिव्य घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून. आणि अश्वशास्त्राच्या परंपरेत तर असं सांगतात की पूर्वी सगळ्याच घोड्यांना पंख होते, इंद्राच्या सांगण्यावरून शालिहोत्र ऋषींनी ते छाटले. हेच शालिहोत्र घोड्यांच्या वैद्यकाचे आद्य आचार्य. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत, तेही त्यांच्याच नावावरून. पंख छाटणारा आणि औषध देणारा हात एकच! ही कथा मी भाचीला सांगितली त्या रात्री कादंबरीचं पान उलटलं गेलं नाही.

बाकी: भाषा आठवीच्या मुलीला पेलण्यासारखी, सुरुवातीचा नकाशा देखणा. बांधणी मात्र कच्ची, नोव्हेंबरपर्यंत मधली पानं सुटली आणि सोनेरी पिसं बोटांना लागून निघून गेली. युद्ध आणि शाळेतली चुरस आवडत असेल तर कादंबरी वेगवान आहे, जरूर घ्या. घोड्यांसाठी म्हणून घेणार असाल तर नका घेऊ.

डिसेंबरात दत्तजयंतीला तिला सारंगखेड्याच्या यात्रेला घेऊन गेले. तापीकाठी घोड्यांच्या रांगा, कुणी अंगावरच्या केसांचे भोवरे बघतंय, कुणी रेवाळ, म्हणजे हिसके न देणारी भरभर चाल दाखवतंय. एका पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय नि तोंड पांढरं असलेल्या घोडीपाशी ती थांबली. मालक म्हणाला, "आधी तिला तुझा हात हुंगू दे, बेटा." तिने तळवा पुढे केला. घोडीने ऊन श्वास सोडला, ओठांनी बोटं चाचपली. मग भाचीने खांद्यावर हात ठेवला आणि घोडीने पाऊल टाकलं, तशी कातडीखाली खांद्याची फरी सरकली. "मावशी, पंख इथूनच फुटले असते ना?"

दुसरा भाग आम्ही मागवलेला नाही. भाची सध्या याच प्रतीच्या समासात पेन्सिलने लिहिते आहे, घोडी कुठे पाणी प्याली, कुठे आडवी होऊन झोपली. समुद्राच्या प्रकरणात तिला घोडीला उतरवायला जागा सापडेना, म्हणून नकाशात तिने एक बेट काढलं आहे.