नाब्लुस की जेनिन?

शहरी युद्धात तत्त्वज्ञान कसं वापरलं जातं, यावर प्रबंध लिहिणाऱ्या एकीला यांतलं एक निवडायचंय. दोन्ही वेस्ट बँकमधली पॅलेस्टिनी शहरं, इस्रायली लष्कर घुसलं ती. काळ एकच, एप्रिल २००२.

सिद्धांताचा माग नाब्लुसमध्ये ठळक. इस्रायली अधिकारी अविव कोखावींचे सैनिक गल्ल्या टाळून, भिंती फोडत घराघरांतून सरकले. शिमॉन नावेहंच्या इस्रायली लष्करी संस्थेत देल्यूझ-ग्वातारी हे फ्रेंच विचारवंत वाचले जात. पण भिंती फोडणं १९व्या शतकातल्या पॅरिसच्या बंडखोरांनाही ठाऊक होतं. त्यामुळे तत्त्वज्ञानाला फार श्रेय देऊ नकोस. जेनिनमध्ये सापळ्यात १३ इस्रायली सैनिक मेल्यावर डी-९ बुलडोझरांनी तिथल्या निर्वासित छावणीचा मध्य सपाट केला. तिथे सिद्धांत जवळपास नाहीच.

रहिवाशांचं काय? नाब्लुसमध्ये बैठकीच्या खोलीची भिंत स्फोटाने उडते, कुटुंब एका खोलीत कोंडलं जातं. जेनिनमध्ये घरच उरत नाही.

लष्कराची भाषा तपासायची तर नाब्लुस घे. शहर पाडणं हेच शस्त्र कसं होतं ते बघायचं तर जेनिन.