वर्डप्रेसवर वादक-गायकांच्या आणि छोट्या संस्थांच्या वेबसाइट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायची आणि चालवायची प्रणाली. तिथे थीम (साइटचा तयार साचा) कुठली, रंग कुठला यावर सुरुवातीला भरपूर खल होतो. पुढे त्याची कुणाला आठवणही राहत नाही. कस लागतो तो दोन गोष्टींचा: तारखा आणि आवाज.

आधी तारखा. कार्यक्रम साध्या पानावर हाताने टाइप केले, की होऊन गेलेली मैफल महिनोन्‌महिने ‘आगामी’ म्हणून झळकत राहते. कार्यक्रमांसाठी वेगळं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची तयार सुविधा, घ्या. तारीख, वेळ, स्थळ आपापल्या रकान्यांत भरलं की जुनं आपोआप मागे सरतं. सेटिंग्जमधला टाइमझोन मात्र आधीच तपासा. तो यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला असेल तर वेळा चुकतात, कधी तारीखसुद्धा. सगळं बरोबर असूनही कालचा कार्यक्रम वर दिसतोय? मग दोष कॅशचा, म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून साठवलेल्या प्रतीचा. त्या पानाची ती प्रत रोज रिकामी होईल अशी मुदत लावा.

शेड्यूल केलेली पोस्ट उशिरा लागणं ही कमी वर्दळीच्या साइटचीच खोड. वर्डप्रेसची ठरवलेली कामं घड्याळावर नाही, तर कुणीतरी पान उघडण्यावर चालतात. रात्रभर कुणी फिरकलं नाही, तर सकाळी सहाची सूचना पहिला पाहुणा येईल तेव्हाच लागते. कॉन्फिग फाइलमध्ये (wp-config.php) ही यंत्रणा, म्हणजे डब्ल्यूपी-क्रॉन, बंद करा आणि सर्व्हरच्या क्रॉनमधून, म्हणजे घड्याळावर कामं चालवणाऱ्या सोयीतून, wp-cron.php ही फाइल दर १५ मिनिटांनी चालवा. हे एकदाच करावं लागतं.

आता आवाज. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खाते, म्हणजे आठ मिनिटांच्या रचनेला ८० एमबी. तीच १२८ केबीपीएस एमपी३ केली की ८ एमबीच्या आत बसते, आणि नमुना ऐकवायला तेवढं पुरतं. अपलोड अडलं तर पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिच्या) दोन्ही मर्यादा बघा: मूळ सेटिंगमध्ये एका फाइलला २ एमबी आणि एकूण पोस्टला ८ एमबी. पहिलीच वाढवली तर गाडी दुसरीवर अडते. एका पानावर दहा-बारा ध्वनिमुद्रणं असतील तर ऑडिओ ब्लॉकमध्ये प्रीलोड ‘नन’ ठेवा, म्हणजे प्ले दाबेपर्यंत फाइल उतरत नाही. पान उघडताच गाणं सुरू व्हावं हा हट्ट सोडलेलाच बरा. ब्राउझर बहुतेक वेळा ते अडवतात, आणि ऐकणाऱ्यांनाही ते नकोच असतं.

छापण्यासाठीच्या फोटोंचं एक विसरलं जातं. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा जेपेग वर्डप्रेस लहान करून वापरतं. मूळ फाइल सर्व्हरवर शाबूत असते; प्रेस किटमध्ये (वर्तमानपत्रांना द्यायच्या फोटो-माहितीच्या संचात) तिचीच लिंक द्या.

संपर्काच्या फॉर्मचा मेल स्पॅममध्ये जातो, याचं बहुधा एकच कारण: मेल थेट वेब सर्व्हरवरून, पाहुण्याच्या पत्त्याने निघतो. एसएमटीपी (मेल पाठवणारी सेवा) जोडा, डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या) नोंदी भरा, ‘फ्रॉम’मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि पाहुण्याचा ‘रिप्लाय-टू’मध्ये.

संस्थेत पदाधिकारी बदलत राहतात. मजकूर भरणाऱ्याला वर्डप्रेसमधली ‘एडिटर’ची भूमिका पुरे; तिला मजकूर बदलता येतो, साइटची सेटिंग्ज नाही. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) मात्र संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर हवं, नाहीतर नूतनीकरणाची सूचना कधीच्या सोडून गेलेल्या कार्यकर्त्याकडे जाते.

वर्षातून दोनदाच बदल होणार असतील तर वर्डप्रेस घेऊच नका. एचटीएमएलची चार साधी पानं लवकर उघडतात, आणि प्लगइन अपडेट केल्यावर काय मोडलं ते शोधत बसावं लागत नाही.