वर मनी प्लांट, खाली फायटर: झाडांच्या कप्प्याचा २० लिटरचा टँक

फुलदाणीत फायटर मासा सोडा, वर पीस लिली रोवा, मासा मुळं खाऊन जगेल, असं बिनदिक्कत सांगून विकणारे अजून आहेत. साफ खोटं. फायटर मांसाहारी. शिवाय त्याला वर येऊन हवा घ्यावी लागते, आणि फुलदाणीत नेमकं तिथेच झाड बूच मारून बसलेलं असतं. म्हणून जागा बेताची असली तरी मला धड टँक हवा होता, तोही कुंड्यांच्या गर्दीत शोभणारा.

मी घेतलेल्या या २० लिटरच्या टँकच्या मागच्या बाजूला काच घालून अरुंद कप्पा केलाय. त्यात स्पंज, पंप, आणि वर झाडं अडकवायला जाळीच्या वाट्या. पाणी स्पंजमधून गाळून मुळांवरून पुढे येतं. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेटवर मनी प्लांट पोसतो. ज्याने हे आखलं त्याने घरी मासे पाळलेले असणार. मातीतलं रोप धुऊन लावू नका, त्याची मुळं बऱ्याचदा सडतात. नुसती कांडी लावा. पेरापाशी पांढरी, लुसलुशीत मुळं फुटतात आणि पंपाच्या ओढीने सगळी एका बाजूला कलतात. ते बघत बसायला मला माशाइतकंच आवडतं.

खोक्यावर मात्र ‘आजच मासा सोडा’ असं छापलंय. कसला आज! जीवाणू जम बसवायला महिनाभर तरी घेतात, आणि झाड आहे म्हणून पाणी बदलणं काही सुटत नाही.

पंपाचा जोर फायटरला सोसत नाही. झुपकेदार शेपटीचा मासा पार ढकलला जातो. पंपाच्या तोंडाशी स्पंजचा तुकडा बांधल्यावर आमचे महाराज निवांत झाले, आणि मनी प्लांटचं एक पान पाण्याला टेकलंय त्याच्याखाली बुडबुड्यांचं घरटं करून बसले. झाकण हा खरा दोष. वाट्यांभोवती बोटभर फटी आहेत आणि फायटर उडी मारतो. मी जाळी कापून बसवली. हे कंपनीनेच करायला हवं होतं. दिवा इतका निळसर की जिवंत पानंही प्लॅस्टिकची वाटतात.

ठेवायचा कुठे, हा खरा पेच. झाडांना खिडकी हवी, टँकला नको. ऊन आलं की काच शेवाळते आणि पाणी तापतं. फायटरला २४ ते २८ अंश मानवतं. म्हणून उन्हाच्या कुंड्या खिडकीत, टँक आतल्या भिंतीला, आणि दोन्हींच्या मध्ये सावलीत चालणारं सिंगोनियम. टँकच्या आत अ‍ॅनुबियास आणि जावा फर्न ही पाण्यातली झाडं लाकडाला बांधलीत. त्यांचा कंद रेतीत पुरला की कुजतो. फळी मजबूत हवी. नुसतं पाणीच २० किलो, वर काच आणि रेती वेगळी.

शेजारच्या कुंड्यांवर कीटकनाशक फवारायचं असेल तर कुंडी उचलून दुसऱ्या खोलीत न्या. टँकमधून काढलेलं पाणी मी कुंड्यांनाच घालते, झाडं खूश असतात. पाणी काढायला लागणारी नळी मात्र खोक्यात नाही, वेगळी घ्यावी लागते.