वाय-फायचा ‘कन्व्हर्टर’ कोणी विकायला आला तर आधी हे वाचा

नेरुळला आमच्या आई-बाबांकडे राउटर हॉलमध्ये आहे आणि बाबांचा जुना डेस्कटॉप आतल्या खोलीत. त्याला वाय-फाय नाही, फक्त लॅनचं, म्हणजे नेटची वायर लावायचं पोर्ट. सोसायटीचे हिशेब बाबा त्यावरच करतात, म्हणून त्यांनी जवळच्या दुकानातून माणूस बोलावला. वायर ओढायची तर भिंतींना भोकं पाडावी लागतील, पीओपी उघडावं लागेल, असं म्हणून त्याने आधी घाबरवलं. मग पिशवीतून एक काळा डबा काढला. ‘वाय-फायचं लॅन करणारा स्पेशल कन्व्हर्टर, काका, बाजारात मिळत नाही.’ डब्याचे ४,८०० रुपये, फिटिंगचे ५०० वेगळे. बिल नंतर पाठवतो म्हणाला.

डबा चालत होता, त्यामुळे संशय यायचं कारणच नव्हतं. गणपतीला घरी गेलो तेव्हा मी तो हातात घेतला. हवेच्या फटींत काळी धूळ घट्ट बसलेली, मागच्या पांढऱ्या स्टिकरचा कोपरा सुटलेला. नखाने स्टिकर सोललं तर खाली मूळ लेबल: ३०० एमबीपीएस वायरलेस एन राउटर. वापरलेला, साधा राउटर! क्लायंट मोडवर टाकला की असा राउटर घरचं वाय-फाय पकडतो आणि लॅन पोर्टातून पुढे देतो. बऱ्याच साध्या राउटरांत ही सोय असते, तुमच्या माळ्यावर पडलेल्या जुन्यातही असेल. वाय-फायची रेंज वाढवणारा लॅन पोर्टवाला एक्स्टेंडरही हेच काम करतो. नुसत्या डेस्कटॉपला तर पाचसहाशे रुपयांचा यूएसबी डोंगल पुरतो. प्रिंटर किंवा डीव्हीआरला (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला) मात्र सहसा तो चालत नाही.

पैशांपेक्षा मला राग आला तो पासवर्डचा. डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड त्या माणसाने बाबांना दिलाच नाही, आणि आमच्या वाय-फायचा पासवर्ड मात्र त्याने त्यात टाकलेला. मी टाचणीने रीसेटचं बटण दहाएक सेकंद दाबून धरलं, सगळं नव्याने सेट केलं आणि हॉलमधल्या राउटरचाही पासवर्ड बदलला. तुमच्याकडे असं कोणी काही बसवून गेलं असेल तर हे आजच करा.

दुकानदार म्हणतो, स्टिकर काढलंत, आता माल परत घेणार नाही. बिल तर अजूनही देत नाही. पैसे यूपीआयने दिले होते हे बरं झालं. ती नोंद आणि दोन्ही लेबलांचे फोटो हाताशी ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. नेरुळ-सीवूड्सकडे आणखी कोणाच्या आई-वडिलांना असा डबा विकला असेल तर तुम्हीही तक्रार नोंदवा.