दोन पथ्ये, एक कार्ड

ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानला जाण्यापूर्वी, तिथल्या उपाहारगृहांत आपली पथ्ये त्यांच्याच भाषेत सांगता यावीत म्हणून, आम्ही इंटरनेटवरून एक छापील कार्ड मागवले. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, काय वर्ज्य आहे ते लिहायचे, आणि आठवड्याच्या आत एटीएम कार्डाएवढे, दोन्ही बाजूंनी छापलेले प्लॅस्टिकचे कार्ड घरपोच मिळते. पंधरा दिवस ते रोज वापरले. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण जो दोष मला सांगायचा आहे तो अशा कार्डांच्या मांडणीतला आहे आणि इतरांच्या नमुन्यांतही तो मला दिसला.

आमच्या घरची पथ्ये दोन आहेत आणि त्यांची जात वेगवेगळी आहे. दहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. ज्या घरात कूट पडल्याशिवाय काकडीची कोशिंबीर पुरी होत नाही, तिथे याचा अर्थ काय होतो हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. मासे आणि अंडी मात्र तो आवडीने खातो. सासूबाई जन्मापासून शाकाहारी आहेत, आणि कांदेनवमी झाली की कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूणही बंद. त्याच चाकूने, त्याच कढईत केलेले चालवून घ्यायचे, पण माशाचा अंशही पानात येता कामा नये, असे त्यांनी निघतानाच ठरवले होते. मुलाचे नेमके उलटे आहे: माशाचा रस्सा चालेल, पण शेंगदाणे तळलेल्या तेलात तळलेला बटाटाही चालणार नाही. कार्डाने ही दोन्ही पथ्ये एका वाक्यात बसवली. वर ‘आम्ही बेजितारियन आहोत’ असे लिहून खाली ‘पुढील पदार्थांची ॲलर्जी आहे’ या एकाच मथळ्याखाली मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण आणि शेंगदाणे अशी सरसकट यादी दिली.

त्याचे परिणाम दोन टोकांचे झाले. टोकियोतल्या एका छोट्या जेवणघरात वाढणाऱ्या मुलीने कार्ड वाचले, मान डोलावली आणि गरम टोफूची वाटी आणून ठेवली. टोफूवर लाकडाच्या भुशासारखे पातळ, गुलाबी पापुद्रे होते आणि ते वाफेने वळवळत होते. सासूबाई वाटी दूर सारत म्हणाल्या, “अगं, हे हलतंय!” ते पापुद्रे म्हणजे कात्सुओबुशी, अर्थात वाळवून धुरावलेल्या कात्सुओ माशाचा कीस. त्या मुलीने फसवले नव्हते. तिच्या लेखी तो मासा नसून वरून भुरभुरायची चव होती, आपण कोथिंबीर भुरभुरतो तशी. हाच कीस आणि कोंबू हे समुद्री शेवाळ यांच्यापासून बहुधा ‘दाशी’ हे पाणी तयार करतात आणि मिसोच्या सूपपासून शिजवलेल्या भाज्यांपर्यंत ते सगळीकडे असते. जपानसाठी विकल्या जाणाऱ्या कार्डावर ‘दाशी’ हा शब्दच नसावा, ही माझ्या मते अक्षम्य चूक आहे.

क्योतोमध्ये याच्या उलट घडले. तिथल्या बाईंनी कार्ड दोन्ही हातांनी घेतले, आत जाऊन आचाऱ्याला दाखवले, आणि बाहेर येऊन दोन्ही हातांची फुली करून दाखवली: जमणार नाही. सहा पदार्थांची ॲलर्जी असलेल्या कुटुंबाला जेवू घालण्याची जोखीम जबाबदार स्वयंपाकघर घेणार नाही, हे मला पटले. ‘धार्मिक कारण सांगण्यापेक्षा सरळ ॲलर्जी म्हणा, म्हणजे लोक ऐकतात’ हा सल्ला प्रवासी एकमेकांना सर्रास देतात. जपानमध्ये त्याचा शेवट उपाशी बाहेर पडण्यात होऊ शकतो.

त्या संध्याकाळी आमच्या हॉटेलच्या स्वागतकक्षातील तरुणाने दोन वेगळ्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. पहिलीवर फक्त मुलाबद्दल: शेंगदाणे कणभर गेले तरी रुग्णालयात न्यावे लागते, तेल आणि भांडी वेगळी हवीत. दुसरीवर सासूबाईंबद्दल: धार्मिक नियम आहे, दाशी आणि कात्सुओबुशी नको, त्याच भांड्यात शिजवले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी एका नूडल्सच्या दुकानातला आचारी रश्श्याची बाटली घेऊन स्वतः बाहेर आला, लेबलावरच्या एका शब्दावर बोट ठेवून त्याने मान हलवली, आणि सासूबाईंना मीठ लावलेले भाताचे गोळे व लोणचे दिले. कोया पर्वतावरच्या मठात मात्र चिठ्ठीची फारशी गरज पडली नाही, कारण तिथल्या शोजिन पद्धतीच्या जेवणात मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही नसतो. तिथे सासूबाई चारी ठाव जेवल्या.

कार्डाच्या मागच्या बाजूला खुणा करण्यासाठी चौदा पदार्थांची यादी आहे. ती युरोपीय संघाच्या नियमातून जशीच्या तशी उचललेली आहे, म्हणून तीत सेलरी आणि मोहरी आहे, पण सोबा (बकव्हीट, म्हणजे कुट्टू) नाही. जपानमध्ये आम्ही गेलो तेव्हा पाकीटबंद पदार्थांवर अंडे, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि २०२३ मध्ये भर पडलेला अक्रोड, असे आठ घटक छापण्याचे बंधन होते. उपाहारगृहांवर मात्र तसे बंधन नव्हते, म्हणून तिथे कार्डाची खरी गरज भासते. शिवाय पाकिटावर शेंगदाण्यासाठी कधी ‘पीनात्सु’ तर कधी ‘राक्कासेई’ असते आणि कार्डावर केवळ पहिला शब्द आहे. (आम्ही नारिताला उतरलो तो चिबा प्रांत शेंगदाण्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि विमानतळावरच्या दुकानांतली खोकी वाचताना ही उणीव पहिल्याच तासात लक्षात आली.)

चांगल्या बाजूही आहेत. छपाई ठळक आहे, ओल्या हातांनी धरले तरी कार्ड खराब होत नाही, आणि मोबाइलवरच्या भाषांतरापेक्षा ते स्वयंपाकघरात सहज पाठवता येते. भाषा अदबशीर आहे, असे त्या तरुणानेही सांगितले. परत आल्यावर मी विक्रेत्याला या उणिवा कळवल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की दोन पथ्यांसाठी दोन कार्डे हवी असल्यास दोन मागण्या नोंदवाव्यात. ९०० रुपयांच्या एका कार्डाला मी पाचपैकी दोन गुण देते. ॲलर्जीचे एकटे कार्ड, राक्कासेई हा शब्द घालून मिळत असेल, तर जरूर घ्यावे. शाकाहारासाठी मात्र मुक्कामाच्या ठिकाणी कुणाकडून तरी चिठ्ठी लिहून घ्यावी आणि तीत दाशीचे नाव पहिल्या ओळीत असावे.