सात गिअरची हायब्रिड, अख्खा पावसाळा: सगळा घोळ पुढच्या मडगार्डचा

सायकल घेतली मेमध्ये आणि जुलैअखेर, पुष्याचा पाऊस चालू असताना, बॉटम ब्रॅकेट (पायडलचे दांडे जिच्यावर फिरतात ती फ्रेममधली बेअरिंग) गेलं. आधी आठवडाभर चढावर पायडलवर जोर दिला की कट्-कट् आवाज. मग क्रँक (पायडलचा दांडा) हाताने धरून आडवा हलवला तर चांगला दोन मिलिमीटर खेळ. उघडलं तेव्हा डाव्या वाटीतलं ग्रीस तांबड्या लगद्यासारखं झालेलं आणि छर्रे खरवडलेले. दुकानाचं उत्तर: पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि आता क्रँकसेट आणि चेनही बदलून घ्या.

ही फुकटची भर होती, कारण चेन ठणठणीत होती. ते घरी मोजता येतं. बारा इंचांच्या स्टीलच्या पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. तिथून चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. एक सोळांश इंच पुढे गेली तर चेन बदलायची, एक अष्टमांश गेली तर मागच्या चाकावरचं दातेरी फ्रीव्हीलही गेलं म्हणून समजा. इथे पिन जेमतेम केसभर सरकली होती. म्हणून फक्त फ्रेमच्या ६८ मिमी नळीत बसणारं सीलबंद कार्ट्रिज (बंद नळकांड्यातलं बॉटम ब्रॅकेट) आणलं, जुन्या स्पिंडलची (मधल्या दांड्याची) लांबी मोजून तेवढंच. साडेपाचशे रुपये. घरी बसवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: उजव्या बाजूला उलटे आटे असतात, तिथे चुकीच्या दिशेने जोर लावला तर फ्रेमचेच आटे जातात. दोन्हीकडच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी ते निघणार नाही.

पण छर्रे दोन महिन्यांत का गेले? वापर रत्नागिरीतला, भाट्याच्या पुलावरून गोळपच्या सड्यापर्यंत (वरच्या कातळी माळापर्यंत) आणि परत, सुट्टी सोडून रोज. पुलावर खारा वारा, वर सड्यावर जांभ्याची तांबडी माती. ही माती पाण्यात विरघळल्यासारखी दिसते, पण बोटांत चोळून बघा, बारीक कच लागते. हे पाणी बेअरिंगमध्ये शिरलं की ग्रीसची घासण्याची पेस्ट होते.

आणि ते शिरतं कुठून, तर कंपनीच्या पुढच्या मडगार्डखालून. याचं टोक जमिनीपासून तब्बल २५ सेंमीवर संपतं. चाकाच्या अगदी तळातून सुटलेलं पाणी सरळ मागे जातं. जरा वरून सुटलेलं मागे आणि वर उडतं. बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून साधारण २८ सेंमीवर असतं. म्हणजे ज्या फवाऱ्याला मडगार्ड अडवत नाही, तोच फवारा नेमका बॉटम ब्रॅकेट, चेन आणि बुटांवर येतो. वरून पडणारा पाऊस तुलनेने स्वच्छ असतो, सायकलीचं वाटोळं खालून उडणारं पाणी करतं. जुन्या काळ्या सायकलींना मडगार्डच्या टोकाला रबरी फ्लॅप आणि पूर्ण चेनकव्हर असायचं, ते उगाच नव्हतं. पंधरा हजारांच्या सायकलीतून चाळीस रुपयांचा फ्लॅप वगळणं ही शुद्ध निष्काळजी आहे, आणि याचा राग अजून गेलेला नाही.

उपाय सोपा आहे. टोक जमिनीपासून ८ सेंमीवर, म्हणजे आडव्या चार बोटांवर, येईल एवढा फ्लॅप लावायचा. एवढ्याने फवारा बॉटम ब्रॅकेटच्या बराच खाली राहतो, फक्त खाली आलेल्या बुटाचा तळ भिजतो. वर मडगार्डच्या रुंदीचा, खाली पसरत ८ सेंमी रुंद असा आकार कापा. मडगार्डला साडेचार मिमीची दोन भोकं, चार मिमीचे बोल्ट, मोठे वॉशर, नायलॉनवाले नट. बोल्टचं डोकं आतून, चाकाकडे, नट बाहेर. उलट बसवलं तर नट टायरला घासतो.

पहिला फ्लॅप पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमधून कापला होता. तीन आठवड्यांत बोल्टपाशी तडकला. स्कूटरची जुनी ट्यूब वापरली तर ती फारच लुळी, उतारावर वेग आला की मागे उडून आडवी होते आणि उपयोग संपतो. शेवटी टायरवाल्याकडून दोन मिमी जाडीचं रबर घेतलं, ते टिकलं. एक तोटा आहे. पाखाडीच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवताना किंवा मागे ढकलताना फ्लॅप पायरीला अडकून टायरखाली दुमडतो. तिथे पुढचं चाक उचलूनच न्यावं.

फ्लॅप लागल्यापासून ऑक्टोबरपर्यंत नवं बॉटम ब्रॅकेट निःशब्द आहे. आणखी एक काम केलं: बॉटम ब्रॅकेटच्या नळीला खालून असलेलं भोक रंगाने बुजलं होतं, ते मोकळं केलं. सीटच्या नळीतून पाणी आत उतरतं, ते या भोकातून बाहेर जायला हवं. सीटपोस्टही महिन्यातून एकदा काढून ग्रीस लावून परत बसवा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट आणि स्टीलची फ्रेम खाऱ्या हवेत एकमेकांना धरून बसतात, मग हातोड्यानेही सुटत नाहीत.

ब्रेकबद्दल जूनमध्ये ठाम मत होतं की व्ही-ब्रेक (रिमवर पॅड दाबणारे) घेऊन फसलो, डिस्कच हवे होते. आता मत अर्धं बदललंय. ओल्या रिमवर पहिला चाकफेरा पाणी पुसण्यात जातो हे खरंच, त्यामुळे गोळपच्या उतारावर वळणाच्या बरंच आधीपासून ब्रेक हलके टेकवून ठेवावे लागतात. पण खरखर आवाज आणि रिमवरचे ओरखडे ही पॅडची देखभाल न केल्याची खूण. पॅडमध्ये कच रुतते, रिमचे चकचकीत कपचेही रुततात. दर रविवारी सुईने ते उकरून काढले आणि पॅड पॉलिश पेपरवर घासले की आवाज बंद. रिमच्या कडेला कोरलेली खाच दिसेनाशी झाली की मात्र रिम संपली, तिथे काटकसर नको.

चेनला खोबरेल लावू नका, चिकट होऊन माती धरतं. शिवणयंत्राचं तेल दोन फेऱ्यांत धुऊन जातं. पावसाळी ल्युब महाग वाटतं, पण प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एक बारीक थेंब म्हटलं तर एका वेळी पाचेक मिली लागतं, १०० मिलीची बाटली वीसदा पुरते. रात्री लावा, सकाळी बाहेरून कोरडं पुसा. हे पुसणं टाळलं तर तेल न लावलेलं बरं.

गिअर, सीट, टायर यांबद्दल तक्रार नाही. टायरमध्ये उन्हाळ्यापेक्षा पाचेक पीएसआय हवा कमी ठेवली की शेवाळलेल्या काँक्रीटवर पकड बरी मिळते.

जुलैत दोन तारे दिले असते, आज साडेतीन. राहिलेला दीड कंपनीने फ्लॅप दिला की देईन. मागच्या मडगार्डलाही उरलेल्या रबराचा तुकडा लावलाय, मागून येणाऱ्याच्या तोंडावर तांबडं पाणी उडत नाही.