लिव्हरचा हँडब्रेक आणि बटणाचा हँडब्रेक : कुठला किती धरतो

हँडब्रेक चांगला की वाईट हे बरेच जण तो किती करकचून लागतो यावरून ठरवतात. खरी परीक्षा मात्र पायाचा ब्रेक सोडल्यावर पुढच्या दोन सेकंदांत होते. १२०० किलोची गाडी २० टक्के चढावर, म्हणजे पाच मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, जवळजवळ २३५ किलोच्या जोराने मागे ओढत असते. संयुक्त राष्ट्रांच्या कारच्या ब्रेकविषयीच्या १३-एच नियमावलीनुसार पार्किंग ब्रेकने, म्हणजे हँडब्रेकने, भरलेली कार अशा चढावर आणि उतारावरही जागेवर धरली पाहिजे आणि लिव्हर ओढायला ४०० न्यूटनपेक्षा, साधारण ४० किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. त्यामुळे दोन्ही हातांनी लिव्हर ओढावा लागत असेल तर दोष ब्रेकमध्ये आहे, ओढणाऱ्याच्या ताकदीत नाही.

आधी लिव्हरबद्दल. त्याच्या बुडाशी एक दातेरी पट्टी आणि त्यात अडकणारी खिट्टी असते. टोकाचं बटण दाबलं की खिट्टी उचलली जाते. बटण न दाबता कर्रर्र करत ओढलं तर प्रत्येक दात्याचं टोक थोडं थोडं घासतं. म्हणून बटण दाबून ओढावं, हवा तेवढा ताण आला की बटण सोडावं आणि लिव्हर किंचित खाली जाऊन खिट्टी दात्यात बसल्याची खात्री करूनच हात काढावा. खिट्टी दात्याच्या टोकावर अर्धवट टेकून राहिली, तर नंतर नुसत्या धक्क्यानेही निसटू शकते. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. किती खटक्यांत ब्रेक धरला पाहिजे तो आकडाही पुस्तिकेत सापडतो.

सगळ्यात महागात पडणारी सवय ऑटोमॅटिक गाडीत दिसते. चढावर गाडी थांबते, गिअर थेट ‘पी’मध्ये, म्हणजे पार्किंगच्या जागी, जातो, पाय सुटतो आणि हँडब्रेक शेवटी लागतो. तोवर गाडीचं सगळं ओझं गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिट्टीवर आलेलं असतं. परत निघताना ‘पी’मधून गिअर काढला की ‘धाड’ असा आवाज येतो, तो त्याचाच. योग्य क्रम असा: पायाचा ब्रेक दाबून ठेवा, गिअर न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक लावा, मग पाय हळूच उचला. गाडी बोटभर मागे सरकून जागेवर बसते, ते सीटवर चक्क जाणवतं. ती बसली की ब्रेक पुन्हा दाबून ‘पी’ टाका. मॅन्युअल गाडीतही हाच क्रम, फक्त शेवटी इंजिन बंद करून चढावर पहिला आणि उतारावर रिव्हर्स गिअर टाकायचा.

मागच्या चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडमध्ये दाबून धरणारा ब्रेक, असलेल्या गाड्यांत आणखी एक धोका आहे. घाट उतरून आल्यावर डिस्क आणि पॅड तापलेले असतात. ते थंड होताना आकसतात, पकड ढिली पडते आणि मघाशी नीट उभी असलेली गाडी थोड्या वेळाने घरंगळू शकते. अशा वेळी एक खटका जास्त ओढावा, गिअर टाकावा आणि पुढची चाकं कडेच्या दिशेने वळवून ठेवावीत. लिव्हरच्या गाडीत डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर भिस्त ठेवू नये. बहुतेक गाड्यांत तो लिव्हर जेमतेम उचलला की पेटतो, ब्रेकने चाक धरलं की नाही हे त्याला कळत नाही.

लिव्हर फार वर येऊ लागला की अनेक ठिकाणी सरळ लिव्हरपासून मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या केबलचा नट आवळून देतात. ड्रम ब्रेकच्या गाडीत, म्हणजे जिथे शू आतून ड्रमला टेकून चाक धरतात तिथे, हे चूक आहे. आधी ड्रममधलं शूचं अंतर जुळवायचं, केबल शेवटी. केबल आधी ताणली तर शू मुळातच थोडे उघडे राहतात, आपोआप जुळवणारी यंत्रणा नीट चालत नाही आणि शूवरचा लायनर, म्हणजे ड्रमला टेकणारा थर, सतत घासतो. काम झाल्यावर मागची चाकं जॅकवर घेऊन, ब्रेक पूर्ण सोडून हाताने फिरवून बघा. ती मोकळी फिरली पाहिजेत.

२००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये आलेला बटणाचा ब्रेक, म्हणजे विजेच्या मोटरने लागणारा हँडब्रेक, आता साध्या गाड्यांतही दिसतो. धरण्याच्या कामात आम्ही त्याला वरचढ मानतो: मोटर दर वेळी पुरेसा जोर लावते, कुणाच्या मनगटावर काही अवलंबून नसतं आणि बऱ्याच गाड्यांत डिस्क थंड झाल्यावर ती पुन्हा आवळूनही घेते. चालत्या गाडीत पायाचा ब्रेक गेला तर बटण ओढून धरून ठेवायचं. बहुतेक गाड्यांत मग चारही चाकांना ब्रेक लागतो. लिव्हर अशा वेळी फक्त मागची चाकं धरतो. तो टोकाचं बटण दाबून ठेवून हळूहळू ओढावा, झटक्यात ओढला तर चाकं जॅम होऊन गाडीची मागची बाजू फिरते.

बटणाच्या ब्रेकची उणी बाजू दुरुस्तीत आहे. बॅटरी पूर्ण उतरली तर तो सुटत नाही. मागचे पॅड बदलताना आधी सर्व्हिस मोड, म्हणजे दुरुस्तीची स्थिती, लावून मोटर मागे घ्यावी लागते. तसं न करता पॅड दाबणारा पिस्टन क्लॅम्पने आत ढकलला तर कॅलिपरमधली, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागातली, यंत्रणा मोडू शकते. गाडी थांबल्यावर आपोआप धरून ठेवणारी ‘ऑटो होल्ड’ ही सोय म्हणजेही पार्किंग ब्रेक नव्हे. ते ब्रेक ऑइलचा दाब धरून ठेवतं, म्हणून उतरण्यापूर्वी पार्किंग ब्रेकचा दिवा पेटलेला आहे ना, ते बघायलाच हवं.

गाडी काही आठवडे उभी राहणार असेल, विशेषतः दमट हवेत, तर दोन्ही प्रकारांत सल्ला एकच: सपाट जागा, गिअर किंवा ‘पी’, चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि हँडब्रेक सोडलेला. ब्रेक लावून ठेवला तर गंजाने शू ड्रमला चिकटतात. चिकटलेच तर इंजिन रेटून गाडी ओढू नका, लायनर शूवरून उखडून येतो. ठोकळे काढून पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून पालटून हलकेच झोका द्या. नाहीच सुटलं तर पुन्हा ठोकळे लावा, चाक काढा आणि ड्रमच्या कडेवर लाकूड ठेवून त्यावर हातोडीने ठोका.